विद्येची आवक-बारनिशी

कोकण भवनाच्या कोणत्याही शाखेत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जो कामानिमित्त गेला असेल, त्याला दाराजवळच्या मेजावर उघडी ठेवलेली आवक बारनिशीची जाडजूड वही निश्चित आठवत असेल. टपालाने अथवा हस्ते आलेल्या प्रत्येक कागदाला तिच्यात क्रमांक पडे, तारीख पडे, तो कोणाच्या स्वाधीन केला याची नोंद होई; पुढे तो कागद ज्याच्या मेजावर जाई त्या कारकुनाच्या कार्यविवरण नोंदवहीत तो पुन्हा चढे, आणि आठवडा संपला की किती कागद आले, कितींची निर्गती झाली व किती प्रलंबित राहिले याचा गोषवारा वरिष्ठांपुढे ठेवावा लागे. नोकरीची बहुतेक वर्षे बेलापुरातील अशाच एका कार्यालयात आणि फावला वेळ उत्तर कोकणाच्या इतिहासाच्या वाचनात घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला या दोन उद्योगांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे पुष्कळ काळ वाटले नव्हते. परंतु आपल्या विषयात कोठे काय नवे संशोधन होत आहे याची दखल अभ्यासकाने कशी ठेवावी, या प्रश्नाचा विचार करू लागल्यावर आवक, गोषवारा आणि निर्गती या तीन दफ्तरी शब्दांहून अधिक उपयोगी शब्द मला सापडले नाहीत.

प्रश्न नवा नाही. १६६५ च्या जानेवारीत पॅरिसला आणि मार्चमध्ये लंडनला ज्या दोन नियतकालिकांचा आरंभ झाला, त्यांपैकी पहिल्याचे मुख्य काम नव्या ग्रंथांचा परिचय करून देणे हे होते आणि दुसऱ्याचे संपादक हेन्री ओल्डेनबर्ग यांचे काम देशोदेशींच्या विद्वानांकडून येणाऱ्या पत्रांतील नवी वार्ता एकत्र करणे हे होते. म्हणजे संशोधनपत्रिका ही संस्थाच मुळी इतरांचे काम आपल्याला कळावे म्हणून जन्मास आली. पुढे तिच्याच वाढीने तिचा हेतू झाकला गेला. विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६३ साली दाखवून दिले की, वैज्ञानिक वाङ्मयाचा विस्तार सामान्यतः दहा ते पंधरा वर्षांत दुप्पट होत आलेला आहे. आणि जो वाचतो त्याचे आयुष्य, त्याचे डोळे व त्याचा रविवार मात्र दुप्पट होत नाही. नियतकालिकातील लेखाचे सामर्थ्य किती असते याचा दाखला बेलापूरच्या रहिवाशाला दूर शोधावा लागत नाही. चार्ल्स कोरिआ, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर नवे नगर वसवावे ही कल्पना १९६५ साली ‘मार्ग’ या त्रैमासिकातून मांडली, ती राज्यकर्त्यांनी विचारात घेतली, १९७० साली सिडकोची स्थापना झाली, आणि आज मी ज्या खोलीत बसून हे लिहितो आहे ती खोली त्या लेखाच्या पोटातून निघालेली आहे. पाच वर्षांत निर्गती! इतके भाग्य फार थोड्या लेखांच्या वाट्याला येते.

महाराष्ट्रात इतिहासाच्या अभ्यासकांनी आवकेची जी व्यवस्था उभी केली होती, तिच्याकडे आज पाहिले म्हणजे आदर वाटतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे व सरदार मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, त्या वेळी मंडळाजवळ ना इमारत होती ना द्रव्य. होत्या त्या सभा. कोणाला एखाद्या देशमुखाच्या माळ्यावर दप्तर सापडले, कोणाला एखादा शिलालेख वाचता आला, की तो सभेपुढे येऊन ते वाचून दाखवी, जाणकार तेथल्या तेथे शंका घेत, आणि मग तो निबंध वार्षिक इतिवृत्तात, संमेलनवृत्तात व पुढे त्रैमासिकात छापला जाई. म्हणजे नवे साधन कळणे आणि त्याची परीक्षा होणे या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत घडत. जे पुण्यास नसत ते पत्रांवर विसंबत. यदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांचा परिचय १९०४ च्या सुमारास झाला आणि १९५८ साली सरकार निवर्तले तोपर्यंत त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. एक बंगाल-बिहारात, दुसरा बडोद्यास व नंतर कामशेतला, परंतु कोणता फारसी कागद मिळाला, कोणती बखर अविश्वसनीय ठरली, कोणत्या तारखेची रुजवात झाली, हे एकाला कळले की दुसऱ्याला कळे. सरकारांनी आपला ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ हा ग्रंथ १९१९ साली प्रसिद्ध केला आणि पुढे नवी साधने हाती येत गेली तसतसा आवृत्तीगणिक तो दुरुस्त केला. स्वतःचे छापलेले वाक्य नव्या पुराव्यापुढे मागे घेणे हीच निर्गती होय, आणि ती आवकेपेक्षा कितीतरी अवघड असते.

किती अवघड, याचे उदाहरण शिवजन्मतिथीचे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी असलेली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली मंडळाच्या संमेलनवृत्तातून ती प्रसिद्ध झाली. तोपर्यंत बखरींच्या आधारे शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेस, म्हणजे १६२७ साली, शिवाजी महाराजांचा जन्म झाला असे मानीत. शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद निघाली. एकट्या नोंदीवर विसंबून परंपरेने चालत आलेली तिथी सोडावी काय, हा प्रश्न तेव्हा रास्तच होता. परंतु पुढे सदाशिव महादेव दिवेकर यांनी तंजावरच्या ग्रंथालयातील कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ १९२७ साली छापून प्रसिद्ध केले, त्यातही तीच तिथी मिळाली. राजस्थानातील जोधपूरकडच्या एका जन्मपत्रिकासंग्रहाने तिला दुजोरा दिला. तीन साधने, तिन्ही एकमेकांपासून दूरची, आणि साक्ष एक. तरीही १९६६ साली राज्य शासनाने इतिहासकारांची समिती नेमली, तेव्हा तिच्यात एकमत झाले नाही. आणि शासनाने १६३० ही साल अधिकृतरीत्या स्वीकारली ती २००१ मध्ये. कागद बारनिशीत चढल्यापासून निर्गतीपर्यंत पंचाऐंशी वर्षे लोटली. या अवधीत माहिती कोणापासून लपलेली नव्हती. ती छापलेली होती, चर्चिलेली होती, प्रत्येक जाणत्या अभ्यासकाच्या कपाटात होती. म्हणून, नवे संशोधन लोकांपर्यंत पोहोचत नाही ही आपली नेहमीची तक्रार मला अर्धीच खरी वाटते. पुष्कळदा ते पोहोचलेले असते आणि मेजावर पडून असते.

कधी कधी मात्र भाषेची भिंत खरोखरच आड येते. बेलापूरच्या किल्ले गावठाणाजवळ, महानगरपालिकेच्या भव्य मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर, जुन्या किल्ल्याचा बुरूज अजून उभा आहे. पोर्तुगीज अमलाखालून हा प्रदेश चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांकडे आला, आणि त्या झगड्याची एक बाजू आपल्या पेशवे दप्तरात असली तरी दुसरी बाजू गोव्याच्या दप्तरखान्यात पोर्तुगीज भाषेत होती. ती उलगडून दाखविण्याचे काम पांडुरंग पिसुर्लेकर यांनी केले. पोर्तुगीज व मराठे यांच्या संबंधांवरील त्यांची लेखमाला १९२६ पासून गोव्यातील इन्स्तितुतु व्हास्कु द गामा या संस्थेच्या पत्रिकेतून पोर्तुगीजमध्ये येऊ लागली. ज्याला ती भाषा येत नव्हती अशा मराठी वाचकाला हे सर्व एका ठिकाणी, आपल्या भाषेत वाचावयास मिळाले ते पुणे विद्यापीठाने १९६७ साली ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ छापला तेव्हा. चाळीस वर्षे! मधल्या काळात उत्तर कोकणावर जे मराठीत लिहिले गेले, त्यातील कितीतरी मजकूर एकाच पक्षाची कैफियत ऐकून दिलेल्या निवाड्यासारखा वाटतो, आणि त्याचा दोष लिहिणाऱ्यांच्या निष्ठेला देता येत नाही. तर्जुमा हे दुय्यम काम आहे असे मानणाऱ्यांनी या चाळीस वर्षांचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

माझी स्वतःची चूक मात्र भाषेच्या माथी मारता येण्यासारखी नव्हती. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका त्रैमासिकात मी उत्तर कोकणातील एका मराठी पत्राविषयी लेख लिहिला. पत्रावर शुहूर सन होता. छापील साधनसंग्रहात संपादकांनी त्याचे जे इसवी साल दिले होते ते मी जसेच्या तसे उचलले आणि त्यावर माझ्या अनुमानाची सारी इमारत रचली. शुहूर सनाचे वर्ष मृग नक्षत्राबरोबर, म्हणजे जूनच्या आरंभी सुरू होते. त्यामुळे जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवावे लागतात आणि जानेवारी ते मेच्या कागदाला ६००. पत्र फाल्गुनातले होते आणि मिळविलेला आकडा ५९९ होता. गेल्या वर्षी कपाट आवरताना एका जुन्या अंकातील दीड पानी टिपण माझ्या हाती आले. त्यात एका अभ्यासकाने हीच चूक, याच पत्राच्या संदर्भात, माझा लेख प्रसिद्ध होण्याच्या बारा वर्षे आधी निःसंदिग्धपणे दाखविलेली होती. तो अंक मी वर्गणी भरून घेतला होता. त्याच्या मुखपृष्ठावर माझ्याच अक्षरांत ‘वाचावे’ असे लिहिलेले होते. त्या दिवशी मला जी खंत वाटली ती आजही कमी झालेली नाही, कारण माझा लेख प्रमाण मानून नंतर दोघांनी तेच साल पुढे चालविले आहे.

अशा चुका टळाव्यात म्हणून कोणीतरी साऱ्यांच्या वतीने वाचावे लागते, आणि येथे मला रामचंद्र नारायण दांडेकर यांचे नाव विस्ताराने घ्यावयाचे आहे. साताऱ्यास १९०९ साली जन्मलेले, हायडेलबर्ग येथे डॉक्टरेट मिळविलेले आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची धुरा कित्येक दशके वाहिलेले हे पंडित वेदविद्येतील स्वतंत्र संशोधनासाठी विख्यात होतेच. परंतु त्यांनी जे एक काम जन्मभर चिकाटीने केले, ते म्हणजे ‘वेदिक बिब्लिऑग्राफी’. फ्रेंच विद्वान लुई रनू यांनी १९३१ साली वेदविषयक वाङ्मयाची सूची प्रसिद्ध केली होती. ती जेथे थांबली तेथून, म्हणजे १९३० पासून पुढे, जगाच्या पाठीवर कोणत्याही प्रमुख भाषेत वेद आणि तदनुषंगिक प्राचीन विद्या, सिंधू संस्कृतीसुद्धा, यांविषयी जे महत्त्वाचे लिहिले गेले त्याची विषयवार नोंद दांडेकरांनी आरंभिली. पहिला खंड १९४६ साली निघाला, दुसरा १९६१ साली, तिसरा १९७३, चौथा १९८५ आणि पाचवा १९९३ मध्ये. पहिल्या खंडाच्या वेळी ते सदतिसाव्या वर्षी होते, पाचव्याच्या वेळी चौऱ्याऐंशीव्या. ही केवळ नावांची फेरिस्त नव्हे; पुष्कळ नोंदींखाली त्या लेखात काय प्रतिपादिले आहे याचा गोषवारा आणि त्यावर कोठे परीक्षण आले याचा हवाला असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला एखाद्या मताची उत्पत्ती व त्याचे खंडन दोन्ही एकाच पानावर सापडतात. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी पत्रिका ज्या पुण्यास येत होत्या त्या वाचून, ज्या येत नव्हत्या त्या मागवून, आपल्या स्वतःच्या ग्रंथलेखनाचा वेळ खर्ची घालून त्यांनी हे केले. याच जातीचे काम मराठी पुस्तकांच्या बाबतीत शंकर गणेश दाते यांनी केले. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या दोन भागांत १८०० पासून १९५० पर्यंतचे छापील मराठी ग्रंथ विषयवार लावलेले आहेत, आणि आजही मराठी ग्रंथव्यवहाराविषयी कोणी काही लिहू लागला की त्याला प्रथम दात्यांच्या दारी जावे लागते. आणि साधनांची नुसती यादी पुरत नाही, त्यांची परीक्षा हवी, हे सांगणारा वा. सी. बेंद्रे यांचा ‘साधन-चिकित्सा’ हा ग्रंथ तर १९२८ सालचा आहे. अशा कामांना आपण सहायक वाङ्मय म्हणतो. माझ्या मते हा शब्द अन्यायाचा आहे.

वैद्यकात हा अन्याय थोडा दूर झाला, कारण तेथे न वाचण्याचा मोबदला रुग्णाला द्यावा लागतो. इंग्लंडात १९९३ साली स्थापन झालेल्या कॉक्रेन संघटनेने एकेका उपचाराविषयीचे सर्व प्रयोग एकत्र करून, त्यांचे गुणदोष तपासून पद्धतशीर आढावे सिद्ध करण्याचे काम स्वतंत्र शास्त्राच्या पदवीला नेले. तरी २०१० साली तिच्याशी संबंधित अभ्यासकांनीच हिशेब मांडला, तेव्हा दररोज पंचाहत्तर नवे प्रयोग आणि अकरा नवे पद्धतशीर आढावे प्रसिद्ध होत असल्याचे दिसून आले, म्हणजे आढाव्यांचाही आढावा घेण्याची पाळी आली. महाराष्ट्रात वैद्यकाची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावयाची तर निरंतर शिक्षणाचे तीस गुणांक जमवावे लागतात. दंडक चांगला आहे, परंतु त्याने हजेरी मोजली जाते, आचारात पडलेला फरक मोजला जात नाही. निर्गतीला येथेही वेळ लागतोच. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत, गावच्याच स्त्रियांना शिकवून, नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा केल्याने नवजात-मृत्यूचे प्रमाण बासष्ट टक्क्यांनी घटते हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये सप्रमाण मांडले, केंद्र शासनाने त्या पद्धतीवर आधारलेला कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू केला तो २०११ मध्ये. शिवजन्मतिथीच्या पंचाऐंशी वर्षांपुढे बारा वर्षे थोडी वाटतील, परंतु त्या बारा वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या मातांना ती थोडी वाटणार नाहीत.

आजच्या साधनांविषयी तक्रारीचा सूर लावण्याचे मला कारण दिसत नाही. १९९१ च्या ऑगस्टमध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी भौतिकशास्त्रातील लेख छपाईपूर्वीच सर्वांना खुले करणारे ‘अर्काइव्ह’ सुरू केले, तेव्हापासून पत्रिका येण्याची वाट पाहण्याची सक्ती त्या शास्त्रात तरी संपली. ‘शोधगंगा’मुळे भारतातील विद्यापीठांचे प्रबंध, जे पूर्वी ग्रंथालयाच्या कुलुपात राहत, ते बेलापुरात घरबसल्या उघडता येतात. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार पत्रिका, सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी संस्था, असा तिचा विस्तार आहे. ती स्वागतार्ह आहे. परंतु सरकारी संस्थेच्या छत्राखाली जो नाही, मग तो खाजगी महाविद्यालयातील प्राध्यापक असो की माझ्यासारखा निवृत्त वाचक, तो तिच्या पहिल्या टप्प्याच्या बाहेर आहे, आणि मराठीतील संशोधनपत्रिका तर त्या तेरा हजारांच्या हिशेबात येतच नाहीत.

आवक वाढली की बनावट कागदही वाढतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या मे महिन्यात आपल्या मान्य सूचीतून ४,३०५ नियतकालिके एकदम काढून टाकली. त्याच वर्षी नव्या छाननीसाठी ‘केअर’ ही व्यवस्था जाहीर केली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करून परीक्षेची जबाबदारी ज्याच्या त्याच्या संस्थेवर सोपविली. सूची गेली हे वाईट झाले असे मला वाटत नाही. कोणत्या पत्रिकेत छापले आहे हे पाहून लेखाची किंमत ठरविण्याची जी सवय तिने लावली होती, तीच मुळी वाचण्याची तसदी टाळणारी होती. आता संगणकच क्षणार्धात कोणत्याही विषयाचा गोषवारा लिहून देतो, आणि त्यात कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचा हवाला अस्सल ग्रंथांच्या रांगेत निमूटपणे बसलेला असतो. दांडेकरांच्या खंडातील प्रत्येक नोंदीमागे कोणीतरी तो लेख हाती घेऊन वाचलेला होता, हा फरक विसरून चालणार नाही.

मराठीपुरते बोलावयाचे तर उणीव एकच आहे आणि ती भरून काढता येण्याजोगी आहे. आमच्या संशोधनपत्रिका नवे लेख छापतात, कधी पुस्तकांची परीक्षणेही छापतात. परंतु गेल्या वर्षात मराठ्यांच्या इतिहासात, संतवाङ्मयात, कोकणच्या पुरातत्त्वात इंग्रजी, पोर्तुगीज, जर्मन, कन्नड आणि मराठीत मिळून काय काय निघाले, त्यातले काय टिकण्यासारखे आहे व त्यामुळे पूर्वीचे कोणते मत सोडावे लागेल, असा सलग वार्षिक आढावा मराठीत नियमाने मिळत नाही. तो लिहिणे हे एखाद्या होतकरू विद्यार्थ्यावर ढकलण्याचे काम नसून विषयातील ज्येष्ठांनी पाळीपाळीने करण्याचे आहे, आणि पदोन्नतीच्या गुणांकनात त्याला मूळ संशोधनाइतकेच वजन मिळाले पाहिजे.

तोपर्यंत आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे एक रीत धरली आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या इमारतीच्या सभागृहात आम्ही पाच-सहाजण जमतो; एक बालरोगतज्ज्ञ, एक रेल्वेतील निवृत्त अभियंते, एक औषधनिर्माणशास्त्राच्या अध्यापिका, एक वनस्पतींचे अभ्यासक, आणि मी. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या विषयातील एकच नवा लेख आणावयाचा, दहा मिनिटांत गोषवारा सांगावयाचा, आणि मग या लेखामुळे आपण कालपर्यंत जे मानीत होतो, शिकवीत होतो किंवा करीत होतो त्यात काय बदलले, याचे उत्तर द्यावयाचे. काही बदलले नसेल तर तसे सांगावयाचे; तीही निर्गतीच असते. उत्तर एका वहीत तारखेसह लिहून ठेवतो. खाडीवरून वारा येऊ लागला की बैठक सभागृहातून गच्चीवर जाते, आणि पुष्कळदा अध्यापिकाबाईंचे प्रश्न इतिहासाला आणि माझे प्रश्न औषधांना अधिक उपयोगी पडतात असा आमचा अनुभव आहे.

पुढच्या दुसऱ्या रविवारी माझी पाळी आहे. फाल्गुनातल्या त्या पत्राचे योग्य साल, त्याने माझ्या लेखातील कोसळणारी तीन अनुमाने, आणि बारा वर्षे आधी ती चूक दाखविणाऱ्या त्या अभ्यासकाचे दीड पानी टिपण, असे मी वाचून दाखविणार आहे. आणि दुसऱ्या दिवशी ज्या दोघांनी माझे चुकीचे साल पुढे चालविले त्यांना त्याची एकेक प्रत टपालाने पाठविणार आहे. पाकिटांवर पत्ते लिहून ठेवले आहेत.